हे तुमाला कुणी सांगितलं?

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचेही अध्यक्ष सर्जेराव आबा, व्यासपीठावरचे मान्यवर, उद्यापासून माझ्या खुर्चीत बसणाऱ्या नव्या ग्रंथपाल रश्मीताई, पहिल्या रांगेत बसलेल्या आबांच्या सौभाग्यवती मुक्तावहिनी, इंदापूर आणि आसपासच्या गावांतून आलेले माझे वाचक, आणि चहा कधी येतोय म्हणून मागं वळून बघणारे मित्रहो, सर्वांना नमस्कार आणि जय भीम.

माझ्याविषयी इथं फार चांगलं बोललं गेलं. ऐकताना मलाच शंका आली की हा भानुदास कोण? शाल मिळाली, नारळ मिळाला, हार गळ्यात पडला. झेंडूचा हार जड असतो हो. काढून ठेवला तर राग मानू नका.

खरं सांगायचं तर मी दमलोय. आजच्या समारंभानं नव्हे, एकूणच. डाळजहून एसटीनं यायचं, कुलूप काढायचं, वर्तमानपत्रं काठीला लावायची, फाटक्या पुस्तकांना खळ लावायची, आणि कादंबरी परत घेताना शेवटची पानं कुणी फाडली याचा शोध न घेता गप्प बसायचं. यात माझं वय गेलं. तक्रार नाही. आमच्या वस्तीतल्या पोराला पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मिळणं ही माझ्या वडिलांना केवढी गोष्ट वाटली होती, ते मला ठाऊक आहे. पण दमणं वेगळं आणि तक्रार वेगळी, नाही का?

मी चार शब्द आभाराचे बोलून बसणार होतो. परंतु काल आबांनी मला घरी बोलावलं आणि म्हणाले, "भानुदास, बारामतीची ती गोष्ट सांगा उद्या. गावात लोक कायबाय बोलत्यात. कुणी म्हणतं लेखिकेनं माझी बदनामी केली, कुणी म्हणतं तुमी घरातलं बाहेर नेलं. म्या खुर्चीत बसलेला असंन. माझ्या म्होरं सांगा." मी म्हणालो, "आबा, निरोपाच्या समारंभात ते शोभेल का?" आबा म्हणाले, "मग काय माझ्या तेराव्याला सांगनार?"

तेव्हा सांगतो. अध्यक्षांची आज्ञा आहे.

साडेचार वर्षांपूर्वीची, म्हणजे चौऱ्याण्णवच्या जानेवारीतली गोष्ट. बारामतीला एका मंडळानं कथावाचनाचा कार्यक्रम ठेवला होता. बार्शीच्या लेखिका ज्योत्स्नाबाई गवंडे येणार होत्या. त्यांचं नाव फार मोठं होतं असं नाही. पण आपल्याकडं त्यांची दोन पुस्तकं होती आणि ती दोन्ही मुक्तावहिनींनी वाचलेली होती. वहिनी सातवीपर्यंत शिकलेल्या. वाचनाचा नाद जबर. आबांनी मात्र, त्यांच्या परवानगीनंच सांगतो, आयुष्यात एकही कादंबरी उघडली नव्हती. वाचनालयाला अध्यक्ष लागतो आणि गावात आबांच्या शब्दाला मान आहे, म्हणून ते अध्यक्ष. वहिनींनी हट्ट धरला, आबांनी जीप काढली, आणि मला म्हणाले, "चला, तुमचं काम हाय, तुमीबी चला."

दुपारची वेळ. कारखान्याचा हंगाम चालू. उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत आम्ही पोचलो तेव्हा कार्यक्रम सुरू झाला होता. हॉल अर्धा रिकामा. ज्योत्स्नाबाई लहानशा चणीच्या, साध्या सुती साडीतल्या. माइक त्यांच्या उंचीला खाली येत नव्हता, तेव्हा त्यांनी तो बाजूला केला आणि तशाच वाचायला लागल्या. आवाज मोठा नव्हता. पण सांगतो, खुर्च्यांची करकर थांबली.

कथा अशी होती. एक बहीण भाऊबिजेला भावाच्या घरी येते. तिनं असं काही केलंय की भावानं तिचं तोंड बघायचं नाही असं ठरवलंय. काय केलंय ते कथेत सांगितलेलंच नाही. भाऊ आतल्या खोलीत दार लावून बसतो आणि बायकोला सांगतो, मी गावात नाही असं सांग. बायको तसं सांगते. बहीण बघते तर भावाचं पायताण दारातच आहे. ताट खाली ठेवते, निरांजन लावते, बंद दारासमोरच्या त्या पायताणाला ओवाळते, आणि आल्या पावली निघून जाते.

संपली कथा. एवढीच. हॉलमधल्या बायका डोळ्याला पदर लावत होत्या. मी शेजारी पाहिलं, तर वहिनींचा चेहरा पांढराफटक. आणि आबा खुर्चीच्या कडेला सरकून बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट.

मंडळाच्या कार्यवाहांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" अशा वेळी आपल्याकडं काय होतं, तुम्हाला माहीत आहे. सगळे जमिनीकडं बघतात. पण आबा उठले.

"बाई," ते म्हणाले, "हे तुमाला कुणी सांगितलं?"

लोक हसले. ज्योत्स्नाबाईही हसल्या. "कुणीच नाही. रचलंय मी."

"असं रचून येत न्हाय."

आणि काय सांगू, सगळ्या हॉलनं टाळ्या वाजवल्या! लोकांना वाटलं, इंदापूरच्या एका रसिकानं मनापासून दाद दिली. कार्यवाह म्हणाले, "याहून मोठी पावती कोणती?" आबा उभेच. टाळ्या त्यांच्या अंगावर पडत होत्या आणि त्यांना बसताही येईना, बोलताही येईना. शेवटी वहिनींनी धोतराचा सोगा ओढून त्यांना खाली बसवलं.

परत निघालो. लासुर्ण्याच्या अलीकडं आबांनी जीप रस्त्याकडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागं न बघता म्हणाले, "मुक्ते, तू सांगितलंस यांना. आन यांनी त्या बाईला पुरवलं. रोज पुस्तकं बदलायच्या नावाखाली हेच चालतंय व्हय?"

मला तोवर काहीच कळत नव्हतं. मी म्हणालो, "आबा, काय सांगितलं? कशाविषयी बोलताय?"

"वेड पांघरू नका, भानुदास. तुमच्यावर इस्वास टाकला, त्येची ही फेड व्हय?"

'विश्वास टाकला' या दोन शब्दांत आमच्यासारख्यांसाठी काय काय भरलेलं असतं, ते मला ऐकताक्षणी कळतं. पण ते राहू द्या. आज तो विषय नाही.

तेव्हा वहिनी बोलल्या. त्यांचा आवाज मी तेवढा चढलेला कधी ऐकला नव्हता. "म्या कुणाला सांगू? सारजा वन्सं दारात उभ्या हुत्या आन म्या त्यांच्या तोंडावर खोटं बोलले, तुमी कारखान्यावर गेलाय म्हणून. हे मिरवायजोगं हाय व्हय, चारचौघांत सांगायला?"

असं मला कळलं. सारजाबाई ही आबांची धाकटी, एकुलती बहीण. तरुणपणी विधवा झाली. आबांनी तिला घरी आणली, सांभाळली. पुढं तिनं आपल्या मनानं, कुणाला न विचारता, मोरगावच्या एका बिजवराशी लग्न केलं. बारामतीच्या डेपोत मेकॅनिक असलेला साधा माणूस. आबांना ते झोंबलं. विधवेनं लग्न केलं याचं झोंबलं की आपल्याला विचारलं नाही याचं, हे त्यांचं त्यांनाही तेव्हा सांगता आलं नसतं. बारामतीच्या कार्यक्रमाआधीच्या दिवाळीत ती ताट घेऊन दाराशी आली होती, आणि आबा आत बसून राहिले होते. हे जगात तिघांनाच ठाऊक होतं. आणि बारामतीच्या हॉलमध्ये एक परकी बाई ते वाचून दाखवते! कुणाचा संताप होणार नाही?

जीप चालू करताना आबा एवढंच म्हणाले, "उद्या राजीनामा आणा."

घरी गेलो. माझी पत्नी ताईबाई, त्या बसल्या आहेत तिकडं, त्यांना सांगितलं. थोरला समाधान तेव्हा पुण्यात कॉलेजात होता, रोजचा खर्च होता. ताईबाईंनी विचारलं, "तुमी सांगितलं हुतं का कुणाला?" म्हटलं, मला माहीतच नव्हतं. "मग भ्यायचं कशापायी? त्या बाईलाच विचारा की, तिनं कुठनं आणलं ते." इतकी सरळ गोष्ट मला सुचली नव्हती.

रात्री बारामतीत मुक्काम करून ज्योत्स्नाबाई दुसऱ्या दिवशी बार्शीला निघणार होत्या आणि त्यांना इंदापुरात गाडी बदलावी लागणार होती. मी सकाळी आबांच्या दारात गेलो. राजीनामा नेला नव्हता. म्हणालो, "आबा, बाई आज स्टँडवर उतरतील. तुम्ही स्वतः विचारा. त्यांनी माझं किंवा वहिनींचं नाव घेतलं, तर मी तिथंच किल्ल्या देतो." आबा उठले. पायात वहाणा घातल्या आणि निघाले.

स्टँडच्या कँटीनमध्ये आम्ही तिघं बसलो. बाईंना वाटलं, कौतुक करायला आलोत. मी सगळं सांगितलं. चहावर साय धरली, तरी त्यांनी कप उचलला नाही.

मग म्हणाल्या, "आबासाहेब, मला भाऊ नाही."

आबांनी वर पाहिलं.

"आम्ही बहिणीच. भाऊबिजेला आम्ही चंद्राला ओवाळायचो. शेजारच्या घरातला गलका ऐकत बसायचो. ते दार कुठलं म्हणाल, तर लहानपणी दूधवाला आला की आई मला पुढं करायची, आई घरात नाही म्हणून सांग. ते खोटं बोलताना माझे कान तापायचे. कथेतली ती बायको म्हणजे मी आहे. आणि पायताण दवाखान्यातलं. यजमान आजारी होते तेव्हा वॉर्डाच्या बाहेर त्यांच्या चपला मी सांभाळत बसायचे. हे सगळं वेगवेगळ्या वर्षांतलं, वेगवेगळ्या ठिकाणचं. एक दिवस एकत्र आलं. तुमचं नाव मी काल ऐकलं."

मी जन्मभर पुस्तकं हाताळली. कोणतं पुस्तक कुठल्या फळीवर, हे डोळे मिटून सांगेन. पण ते बनतं कसं, हे मला त्या कँटीनच्या बाकड्यावर पहिल्यांदा समजलं. आम्हा वाचकांना वाटतं की लेखक कुणाचं तरी पाहून लिहितो. ते कुणाचं, हे ओळखायची आपल्याला हौस असते. इथं तर बाईंनी आपलंच आयुष्य मोडून त्याच्या तुकड्यांतून एक परकं घर उभं केलं होतं, आणि त्या घरात आमचे आबा राहत होते.

आबांनी विचारलं, "मग तिनं पायताणाला का ओवाळलं?"

"मला माहीत नव्हतं ती ओवाळणार आहे. तिनं रडावं, बोलावं, असं मी लिहून पाहिलं. जमेना. मग लिहिता लिहिता ती वाकली. का वाकली ते मलाही नंतर कळलं."

"आन फुडं? त्यो भाऊ गेला का तिच्याकडं?"

"लिहिलं होतं मी. तो दार उघडतो, तिच्या मागं धावतो, असं. फाडून टाकलं."

"का?"

"खोटं वाटलं. तो माणूस उठेल असं मला वाटेना."

टेंभुर्णीवरून बार्शीला जाणाऱ्या गाडीची घोषणा झाली. कुणी उठलं नाही. मग आबा म्हणाले, "बाई, तुमी सगळं भायरून लिवलंय. आत बसलेल्याचं तुमाला जमलं न्हाय."

"नाही जमलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सांगाल?"

आणि आबांनी सांगितलं. ते सगळं मी आज सांगणार नाही. तेवढं वगळायला त्यांनी मला बजावलंय. एवढंच म्हणतो की त्यात पश्चात्ताप वगैरे मोठे शब्द नव्हते. मांडी घालून बसल्यानं पायाला मुंग्या आल्या होत्या आणि पाय हलवला तर बाहेर ऐकू जाईल अशी भीती वाटत होती, असं साधं होतं. बाईंनी शेवटी विचारलं, "हे मी लिहू का?" आबा म्हणाले, "न्हाय." बाई म्हणाल्या, "बरं." आणि माझ्या माहितीप्रमाणं त्यांनी ते आजतागायत लिहिलेलं नाही. लेखकानं एवढा मोठा मोह सोडणं म्हणजे काय, ते लिहिणाऱ्यांनाच कळेल.

बाईंना गाडीत बसवून आम्ही घराकडं वळलो. माझ्या राजीनाम्याचा विषय आबांनी काढला नाही, मीही काढला नाही. वहिनी ओसरीवर गहू निवडत होत्या. आबा त्यांच्यासमोर उभे राहिले. मी फाटकाशीच थांबलो होतो, तर म्हणाले, "थांबा, तुमीबी ऐका." आणि वहिनींना विचारलं, "त्या दिशी काय झालं हुतं भायेर? ओवाळलं हुतं का तिनं पायताणाला?"

विचार करा. बहीण दारात येऊन गेली होती, आणि बाहेर काय घडलं हे या माणसानं बायकोला तोवर विचारलेलंच नव्हतं. एका रचलेल्या गोष्टीनं त्याला ते विचारायला लावलं.

वहिनींनी सूप खाली ठेवलं. "न्हाय. तसलं काय न्हाय केलं. तुमी आत खोकला. त्यांनी ऐकलं. म्या कारखान्यावर गेल्यात म्हणाले आन तेवढ्यात तुमी खोकला. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. वन्सं माझ्याकडं बघून म्हणाल्या, वैनी, दादा कारखान्यावरनं आला की अडुळशाचा काढा द्या, छाती भरलीया त्याची. आन गेल्या."

आबा खाली बसले. ओसरीच्या पायरीवर, मातीत. मी निघून आलो.

आता तुम्हाला वाटेल की आबा दुसऱ्या दिवशी मोरगावला गेले. नाही गेले. आठवडे गेले, हंगाम संपला, उन्हाळा लागला. ते वाचनालयात येऊन बसायचे, वर्तमानपत्र उलटं-पालटं करायचे, जायचे. खरं सांगतो, मलाही वाटायला लागलं की ज्योत्स्नाबाईंचा अंदाज बरोबर होता. हा माणूस उठायचा नाही. आणि मला त्याचं वाईट वाटण्यापेक्षा थकवाच जास्त आला. माणसांना कळतं, समजतं, आणि तरी ती जागची हलत नाहीत. आयुष्यभर पुस्तकं वाटून मी काय केलं मग?

मेमध्ये एक दिवस दुपारी जीप वाचनालयाच्या दारात आली. आत वहिनी. आबा म्हणाले, "कुलूप लावा. मोरगावला जायचंय. एकट्याला जमायचं न्हाय."

सारजाबाईंचं घर गावाच्या कडेला, दोन खोल्यांचं. ओट्यावर शेळी बांधलेली. त्या बाजरी पाखडत होत्या. जीप ओळखली, पण हात थांबवला नाही. आबा जवळ जाऊन उभे राहिले. वाटेत त्यांनी काय बोलायचं ते ठरवलं असणार, ओठ हलताना मी पाहिले होते. त्यातलं एक अक्षर तोंडातून फुटेना.

सारजाबाई म्हणाल्या, "उन्हात का हुबा ऱ्हायलास? बस ओट्यावर." आणि मग, "आत ये म्हणत न्हाय मी."

"व्हय," आबा म्हणाले.

त्या आत गेल्या. दार लोटून घेतलं. आम्ही तिघं ओट्यावर बसलो. आतून काहीच आवाज येईना. शेळी आबांच्या उपरण्याचं टोक चघळत होती आणि ते तिला हाकलतही नव्हते. किती वेळ गेला कोण जाणे. वहिनी हळूच म्हणाल्या, "जायचं का?" आबांनी मान हलवली. नाही.

मग आत स्टोव्हला पंप मारल्याचा आवाज आला.

दार उघडलं, चहा आला. सारजाबाईंचे डोळे लाल होते, पण चहा सांडला नाही. मी माझी कपबशी घेऊन जीपजवळ जाऊन उभा राहिलो. भावाबहिणीत पुढं काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. ज्योत्स्नाबाईंनी नंतर मला भेटल्यावर विचारलं तेव्हाही मी हेच सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं ऐकलं नाहीत."

सारजाबाई आज इथं आलेल्या नाहीत. त्या अजून आबांच्या घरी आलेल्या नाहीत. मी मागं एकदा त्यांना विचारलं होतं, तर म्हणाल्या, "त्या दारापातूर मी गेले हुते की. आता त्येनं यावं." आणि आबा जातात. महिन्यातनं एकदा, कधी दोनदा, मोरगावला. पण आजवर ते ओट्यावरच बसून परत आलेत.

रश्मीताई, तुमच्याकडं वाचक येतील आणि पुस्तक पुढं करून विचारतील, हे खरं आहे का हो? त्यांना हसू नका. त्यांच्या घरी काय चाललंय हे आपल्याला माहीत नसतं.

फार बोललो. अध्यक्षांनी मला आज जे सांगायला लावलं, त्याला मोठी छाती लागते. मी त्यांचा ऋणी आहे. वहिनींचा, ताईबाईंचा, आणि इतकी वर्षं माझी किरकिर सोसणाऱ्या तुम्हा सर्वांचा आहे. बोलताना कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुठं जीभ घसरली असेल, तर दमलेल्या माणसाचं बोलणं म्हणून सोडून द्या.

मला आता बसू द्या. आणि आबा, अध्यक्षीय भाषण थोडक्यात करा. बाहेर जीप उभी आहे, मोरगावला पोचेतो उशीर होईल. मघाशी वहिनी मला सांगत होत्या, आज सारजाबाईंनी तुम्हाला जेवायला थांबायला सांगितलंय. घरात.